मगनवाडीतील हिशेबतपासनीस



ही पुस्तिका तुम्ही बहुधा दिवसभराचे काम आटोपून उघडली असेल. प्रवेश घेताना घरच्यांना आणि कार्यालयात जे कारण सांगितले जाते, ते बढतीचे असते आणि ते खोटे नसते. परंतु पस्तिशी-चाळिशीनंतर पुन्हा पुस्तक हाती घेण्यामागे आणखी एक कारण असू शकते, जे सहसा उच्चारले जात नाही. चालू असलेल्या कामात मन रमत नाही. पगार नियमित आहे, तक्रार करावी असे काही घडलेले नाही, तरीही रमत नाही. हे असमाधान म्हणजे कृतघ्नता, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले आहे. मला ते मान्य नाही.

वर्धा शहरात मगनवाडी नावाचा परिसर आहे. १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ते केंद्र. या संघाची सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते जे. सी. कुमारप्पा ना अर्थमंत्री होते, ना शेतकरी. १८९२ साली तंजावरला जन्मलेल्या या गृहस्थांनी लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेतले आणि मुंबईत आपला व्यवसाय उभारला. तो नीट चालत होता. असे असताना १९२७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते अमेरिकेत गेले आणि पुन्हा विद्यार्थी झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास केला. विषय होता भारताचे दारिद्र्य आणि ब्रिटिश सरकारची करनीती यांचा संबंध. आजवर ते व्यापारी पेढ्यांचे ताळेबंद तपासत होते. आता एका साम्राज्याचा ताळेबंद त्यांच्यासमोर होता. १९२९ मध्ये परतल्यावर तो प्रबंध प्रसिद्ध व्हावा या हेतूने ते गांधीजींना भेटले. गांधीजींनी तो ‘यंग इंडिया’त छापला आणि गुजरातमधील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे काम त्यांच्यावर सोपवले. पुढे तेच काम त्यांना वर्ध्यात घेऊन आले.

या चरित्रातील त्यागाची बाजू नेहमी सांगितली जाते. मला मात्र दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. कुमारप्पांनी आपले कौशल्य टाकून दिले नाही. बिहारच्या भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांनीच सांभाळला. मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप असे प्रयोग चालत, तेव्हाही त्यांचा प्रश्न हिशेबनिसाचाच होता: या वस्तूतून गावात किती राहते आणि गावाबाहेर किती जाते? हत्यार तेच राहिले, ते कशासाठी वापरायचे हे बदलले. तुमच्यापैकी कोणी तलाठी असेल, कोणी परिचारिका, कोणी दुकानात वही लिहीत असेल. नवे ध्येय ठरवायचे म्हणजे वीस वर्षांचा अनुभव पुसून पाटी कोरी करायची, अशी जी धास्ती वाटते ती बरीचशी अनाठायी आहे.

अर्थात, येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कुमारप्पा अविवाहित होते. मुलीचे शुल्क, घराचे हप्ते, आईचे औषधपाणी ही ओझी डोक्यावर असणाऱ्याने त्यांच्या निर्णयाशी आपली तुलना करून स्वतःला भित्रा ठरवू नये. नोकरी सोडणे हा असमाधानावरचा एकमेव उपाय नाही; पुष्कळदा तो उपायही नसतो. आधी असमाधान कशाचे, हे पाहावे लागते. मोबदला अपुरा आहे? वरिष्ठांकडून अवहेलना होते? की कामाचा उपयोगच पटत नाही? पहिल्या दोहोंवर बदली, परीक्षा, प्रसंगी स्पष्ट बोलणे हे मार्ग आहेत. तिसरे दुखणे बढतीने बरे होत नाही. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमटे यांची वकिली चांगली चालत होती. त्यांना खुपत होते ते निराळेच: वकिलाच्या थोड्या वेळाच्या युक्तिवादाचे मोल आणि मजुराच्या दिवसभराच्या घामाचे मोल यांतील अंतर. अशील वाढल्याने ते अंतर कमी होणार नव्हते.

आणि वय? जमनालाल बजाज यांनी मोठा व्यापार आणि राजकारण दोन्ही सांभाळले. १९४१ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, तुरुंगातून सुटून आल्यानंतर त्यांनी गोसेवा हे आपले यापुढचे काम म्हणून निवडले आणि वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडी बांधून ते राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. हाती आलेले महिने मोजकेच होते. ‘आता या वयात कशाला?’ असे त्यांनाही कोणी म्हटले असेल. आपल्याकडे ते म्हणणारे घरोघरी असतात.

मगनवाडीत १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही आहे. संपर्कसत्रासाठी वर्ध्याला येणे झाले तर तास-दीड तास काढून तेथे जा. चरखे आणि ग्रामोद्योगाची साधने पाहताना, ती मांडणाऱ्यांमध्ये मुंबईचा एक हिशेबतपासनीसही होता, एवढे लक्षात असू द्या.