टाकीतला सामू आणि खोलीतली हवा

समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी घरी ठेवणाऱ्याला सुरुवातीचे काही महिने एक आकडा छळतो : सामू, म्हणजेच पीएच. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ असतो. टाकीत तो ७.८ ते ८.४ यांच्या दरम्यान स्थिर राहिला, तर बहुतेक माशांचे ठीक चालते. पण सकाळी ७.८ दिसला की मंडळी धास्तावतात, दुकानातून सामू वाढवणारी बाटली आणतात आणि झाकणभर ओततात. आकडा वर जातो, दुसऱ्या सकाळी पुन्हा खाली. पुन्हा बाटली. कारण न शोधता तापाची गोळी देत राहावे, तसा हा प्रकार.

मुळात हा आकडा रोज थोडा हलतोच. दिवे चालू असताना शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषते आणि सामू चढतो. रात्री शेवाळ, मासे, जिवाणू सगळेच तो वायू सोडतात. पाण्यात त्याचे कार्बोनिक आम्ल होते आणि पहाटे सामू सर्वांत खाली येतो. म्हणून मोजायचे तर रोज एकाच वेळी.

याहून मोठे कारण पुष्कळदा टाकीबाहेर असते. बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सव्वाचारशेच्या आसपास भाग असतात. खिडक्या लावून तीन-चार माणसे झोपलेल्या खोलीत हा आकडा सहज हजारापलीकडे जातो आणि तो वायू पाण्यात उतरतो. घरातला नेहमीचा स्प्लिट एसी हवा थंड करतो, बदलत नाही, हे अनेकांच्या गावीही नसते. पडताळा सोपा आहे. टाकीतले पेलाभर पाणी गॅलरीत न्यावे, छोट्या पंपाने तासभर बुडबुडे सोडावेत आणि पुन्हा मोजावे. सामू चढला, तर दोष खोलीतल्या हवेचा. खिडकी उघडावी, किंवा प्रोटीन स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढावी.

चढला नाही, तर क्षारता तपासावी. क्षारता म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद. ती मुख्यतः बायकार्बोनेटची. माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो, त्यातही बायकार्बोनेटचा मोठा वाटा असतो. जादा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे बाहेर टाकतात. टाकीला फुप्फुसे नाहीत, तिला खिडकीच. क्षारता ७ डीकेएचच्या खाली असेल, तर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून काही दिवसांत थोडा थोडा घालावा. त्याने क्षारता वाढते, सामू लगेच फारसा हलत नाही. म्हणून आणखी ओतू नये. शुद्ध चुन्याची निवळी सामू खरोखर वाढवते, पण तिचा स्वतःचा सामू १२च्या पुढे असतो. ती थेंबाथेंबानेच द्यायची.

घाई का नको, याचे उत्तर अमोनियात आहे. माशांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया ८च्या आसपास बहुतांशी अमोनियमच्या, कमी घातक रूपात असतो. सामू एकदम वर नेला की त्यातला अधिक भाग विषारी अमोनिया होतो आणि कल्ल्यांवाटे शरीरात शिरतो. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू अजून रुजलेले नसतात. तिथे मासे दगावतात ते या उपायामुळे, आणि मालक मात्र सामू पुरेसा वाढला नाही म्हणून हळहळतो.

ही खोली माणसांचीही असते. त्या पातळीचा कार्बन डायऑक्साइड विषारी नव्हे. पण खोलीतले लोक एकमेकांनी सोडलेली हवा घेत आहेत, याची ती खूण आहे. क्षयाचे जंतू अशाच कोंडलेल्या हवेत तरंगत राहतात. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर त्याची थुंकी तपासून घ्यावी आणि खिडकी आधी माणसांसाठी उघडावी. डास येतील, ही तक्रार रास्त आहे. खिडकीला जाळी बसवावी. डासांचा फवारा किंवा कॉइल मात्र टाकीच्या खोलीत नको; त्यांतली पायरेथ्रॉइड गटातली रसायने माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात.