परसातलं अजब

वळवाचे दोन-चार पाऊस पडून गेले की कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्रात एक फोटो हटकून येतो. कुणाच्या तरी परसात, केळीच्या बुंध्याशी, जमिनीतून जांभळट तपकिरी, सुरकुतलेलं असं काहीतरी वर आलेलं असतं. शेजारी घरातलं एखादं पोर ताठ उभं. वर मथळा : ‘परसात उमललं अजब फूल, पाहायला गर्दी’. बातमीत दुर्गंधीचा उल्लेख असतो, ‘जाणकारांच्या मते दुर्मीळ’ हेही असतं. ते असतं सुरणाचं फूल. ज्या घरासमोर गर्दी जमते त्याच घरात गेल्या हिवाळ्यात सुरणाचे काप तळून झालेले असतात. असे फोटो आम्हीही छापले आहेत, तेव्हा दुसऱ्याला हसण्यात अर्थ नाही.

याच सुरणाचा थोरला चुलतभाऊ सुमात्रात असतो. 1889 साली तो लंडनच्या क्यू बागेत पहिल्यांदा फुलला. आजही जगातल्या कुठल्याही बागेत तो फुलला की रांगा लागतात, थेट चित्रण सुरू होतं. माणसापेक्षा उंच वाढतो, हे त्याचं खरं. पण धंदा दोघांचा एकच. फुलायच्या वेळी स्वतःला तापवायचं, सडक्या मांसाचा वास सोडायचा आणि त्या वासाला भुलून आलेल्या किड्यांकडून परागाची ने-आण करून घ्यायची. सुमात्रावाला तिकीट लावून पाहिला जातो. आपला सुरण फोटो काढून झाला की उपटला जातो, कारण वास घरात येतो.

एखादी गोष्ट अजब आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ती नवी असते असं थोडंच आहे? बऱ्याचदा ती आजीला माहीत होती आणि आपल्याला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

ज्यांना ती अजून माहीत आहे अशी माणसं पाहायची तर गोव्याची हद्द ओलांडून जोयड्याला जावं. उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा तालुका 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. काळी नदी इथल्याच डिग्गीच्या डोंगरात उगम पावते. तालुक्याचं नाव पूर्वी सुपे. ते गाव 101 मीटर उंचीच्या धरणामागे पाण्यात गेलं आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. उरलेलं बहुतेक रान. त्या रानाच्या कडेकडेने राहणारे कुणबी कोकणी बोलतात, मराठी समजतात, सरकारी कागद कानडीत वाचतात. गेली काही वर्षं हिवाळ्यात इथे कंदांचा मेळा भरतो. ‘गड्डे-गेणसु मेळा’ हे त्याचं कानडी नाव. बायका घरच्या परसातले, कुळागरातले कंद घेऊन येतात आणि मातीसकट मांडून बसतात : कोन, काटे कणगी, कारांदे, सुरण, आणि जोयड्याची खास मुडली.

मुडली म्हणजे अळवाचाच कंद. पण बाजारातल्या बोटभर अळकुड्या डोळ्यांसमोर आणू नयेत. हा चांगला दांडगा, भरीव असतो. वरच्या पानाची गोष्ट मराठीने केव्हाच सांगून ठेवली आहे. अळवावरचं पाणी आपण क्षणभंगुरतेसाठी वापरतो, पण ते पाणी टिकत का नाही हे पान सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की कळतं. पानाच्या पृष्ठभागावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, थेंब त्यांच्या टोकांवर तरंगतो आणि घरंगळताना धूळही घेऊन जातो. विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1997 साली कमळाच्या पानाच्या निमित्ताने हे नीट मांडलं. पुढे त्या धड्यावरून भिंतींचे न मळणारे रंग निघाले. खाली कंदात वेगळीच करामत. पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांच्या जुड्या भरलेल्या असतात. कच्चा किंवा अर्धा कच्चा कंद चावला की त्या सुया जिभेत घुसतात. खाज ती हीच. आमसूल किंवा चिंच घालून भरपूर शिजवायचं, हा त्यावरचा घरगुती तोडगा. आंबटाने सुया नेमक्या किती निकामी होतात यावर शास्त्रज्ञांनी खुशाल वाद घालावा. आंबट न घालता अळकुडी रांधून वाढायची हिंमत मात्र त्यांनी करू नये.

कणगीचं तर विचारूच नका. तिच्या कंदांभोवती मुळांचं काटेरी कुंपण असतं. रानडुकराने नाक खुपसलं की त्याला पहिल्यांदा तेच भेटतं. जोयड्यात रानडुकरं किती आणि भाताची नासाडी किती हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मग कणगीला काटे का हवेत हे वेगळं विचारावं लागणार नाही. कोनाला काटे नाहीत, तो खोल जातो. खणून काढायचा तर पहार आणि चिकाटी दोन्ही लागतात. वेलावरूनही दोघांची ओळख पटते. कोनाच्या वेलाला चार कडा असतात, बोटं फिरवली तर चौकट जाणवते. कणगीचा वेल गोल. आणि आधाराला वेटोळं घालताना दोघे एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, न चुकता. जमिनीखाली काय आहे हे वरून वाचायची ही लिपी आहे. ती येणाऱ्याला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही.

इथवर सगळं अजबच्या सदरात बसतं. न बसणारी गोष्ट पुढे आहे.

कोन, कणगी, मुडली यांचं बी कुणी पेरत नाही. कंद काढला की त्याचा डोक्याकडचा तुकडा राखून ठेवायचा, उरलेला खायचा, आणि पावसाच्या तोंडावर तो तुकडा परत मातीत घालायचा. म्हणजे यंदाचा कोन हा गेल्या वर्षीच्या कोनाचा मुलगा नव्हे. तो तोच आहे. पणजीने ज्या झाडाचा कंद खाल्ला त्याच झाडाचा कंद पणतू खातो, मध्ये फक्त लावणारे हात बदलले. ही साखळी एका वर्षी तुटली की संपली. भाताचं मूठभर बियाणं तुम्ही डब्यात ठेवू शकता. नॉर्वेने 2008 साली आर्क्टिकच्या बर्फात जगभरच्या बियाण्यांसाठी तिजोरी बांधली, तीत लाखो नमुने आहेत. पण तीही बियाण्यांचीच. कोनाचा तुकडा तिथे ठेवून भागत नाही. तिरुवनंतपुरमला 1963 पासून केंद्र सरकारची कंदपिकांची संशोधन संस्था आहे, तिलाही वाण राखायचे तर ते शेतात पुन्हा पुन्हा लावावे लागतात, नाहीतर काचेच्या नळीत वाढवत ठेवावे लागतात. जोयड्याच्या बाईकडे नळी नाही. तिच्याकडे परस आहे, आणि तो परस कुणाचा हा प्रश्न जोयड्यात दीडशे वर्षं जुना आहे. इंग्रजांच्या वनखात्याने कुमरीवर, म्हणजे डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीवर, बंधनं घातली. पुढे धरण आलं. मग 2007 साली अणशी-दांडेली व्याघ्र प्रकल्प झाला, त्याचंच आजचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प. वाघासाठी स्वखुशीने जागा सोडणाऱ्या कुटुंबाला सरकारी योजनेत पंधरा लाख रुपये ठरलेले आहेत. वाघ जगावा, त्याबद्दल दुमत नाही. पण पंधरा लाखांच्या त्या हिशेबात कोनाचा डोक्याकडचा तुकडा नवीन जागी कुठे लावायचा, यासाठी रकाना नसतो. गावाबाहेरच्या वसाहतीत दोन खोल्यांच्या मागे मुडली येत नाही.

हद्दीची गंमत याहून मोठी आहे. गोव्यातल्या कुणब्यांचा 2003 साली अनुसूचित जमातींत समावेश झाला. डोंगराच्या या बाजूचे, त्यांच्यातच सोयरीक असलेले, तीच बोली बोलणारे आणि तेच कंद लावणारे जोयड्याचे कुणबी तीच मागणी वर्षानुवर्षं करत आले आहेत. कणगीचा वेल राज्यांची सीमा पाहून वेटोळ्याची दिशा बदलत नाही. कागद बदलतो.

आणि तिकडे न्यूयॉर्कपासून मनिलापर्यंत ‘उबे’ नावाच्या जांभळ्या आइस्क्रीमची चलती आहे. उबे हा फिलिपिन्सचा शब्द. कंद आपल्या कोनाच्याच जातीचा, फक्त जांभळ्या गराचा. खानदेशात त्याला कोनफळ म्हणतात, सुरतेत त्याची भजी होतात. पुण्या-मुंबईच्या कॅफेत आता उबेची भुकटी आयात करून केक भाजले जातात, आणि त्याचे फोटोही ‘अजब जांभळा पदार्थ’ म्हणूनच फिरतात. ती भुकटी परवडणाऱ्याने कोन कधी सोललेला नसतो. सोलला असता तर हाताला येणारा बुळबुळीतपणा आठवून त्याने किमतीत घासाघीस केली असती.

मेळ्याला शहरातून येणारे आता वाढले आहेत, हे चांगलंच. मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात पिशवी नसते, फोन असतो. कोनाच्या ढिगाचा फोटो, मुडली खांद्यावर घेतलेल्या म्हातारीचा फोटो, आणि गाडी दांडेलीच्या रिसॉर्टकडे. दिवस मावळताना कंद घेऊन आलेली बाई उरलेले कंद परत टोपलीत भरते. फोटोने तिचं ओझं छटाकभरही कमी झालेलं नसतं. पुढल्या वर्षी आठ वाण लावायचे की खपतात ते दोनच, हे ती घरी जाताना त्या टोपलीच्या वजनावरूनच ठरवते.

तेव्हा येत्या हिवाळ्यात त्या बाजूला जाणार असाल तर कापडी पिशवी न्या. दोन किलो मुडली आणि एक कोन घ्या, सांगितलेला भाव द्या, आणि शिजवायचं कसं ते विकणाऱ्या बाईलाच विचारा. आमसूल किती घालायचं तेही.