आधी कारण, मग पाना

आमच्या घरी एक जुनी 'प्रीमियर पद्मिनी' आहे. वडिलांनी ती जुनीच विकत घेतली. सुट्टीच्या दिवशी तिचे बॉनेट उघडून मी काही खटपट करीत असलो, की येणारेजाणारे हमखास विचारतात, "काय, कॉलेज सोडलंस की काय?" इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्याने हात काळे केले तर त्याला प्रात्यक्षिक म्हणतात, कला शाखेच्या विद्यार्थ्याने केले तर पोरगा वाया गेला असे समजतात! मराठी वाङ्मय आणि इतिहास शिकणाऱ्याचा पान्याशी संबंध काय, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा लिहूनच टाकावे असे वाटले.

रस्त्यात गाडी बंद पडली की आपल्याकडचा सुशिक्षित गृहस्थ काय करतो ते आठवून पाहा. तो खाली उतरतो, बॉनेट उघडतो, देवळाच्या गाभाऱ्यात डोकावावे तसा आत गंभीरपणे पाहतो आणि बॉनेट लावून टाकतो. मग खिशातून फोन काढतो. आत काय पाहिले हे त्याला सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही याचे वैषम्यही वाटत नाही. उलट, 'मला त्यातलं काही कळत नाही' हे वाक्य आपण किंचित अभिमानानेच उच्चारतो. एरवी कशातले कळत नाही असे कबूल करायला आपण तयार नसतो. यंत्राच्या बाबतीत मात्र अज्ञान हे जणू प्रतिष्ठेचे लक्षण!

माझे म्हणणे असे, की जुनी गाडी बाळगणाऱ्याने तिचे लहानसहान दोष स्वतः शोधायला शिकलेच पाहिजे. पैसे वाचतात, हा त्यातला दुय्यम लाभ. खरा लाभ हा, की परिणाम दिसल्याबरोबर वाटेल ते कारण न चिकटवता शंका एकेक करून बाद करीत जाण्याची शिस्त लागते. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी कार्यकारणभावावर पानेच्या पाने लिहितो. पण आमची उत्तरे चुकली तरी पेपर चालू होतो. गाडी होत नाही.

आता पद्मिनीविषयी थोडे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. मूळची ती इटलीतील फियाट ११००. 'पद्मिनी' हे बारसे सत्तरीच्या दशकातले. चार सिलिंडर, १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने पिढ्यान्पिढ्या माणसे वाहिली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या रस्त्यांवरून हटल्या. खाजगी गाड्या मात्र अजून आहेत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून घेऊन नोंदणी वाढवावी लागते, एवढेच.

शिकण्याच्या दृष्टीने या गाडीचा मोठा गुण म्हणजे तिच्यात लपवाछपवी नाही. कार्बोरेटर, कॉइल, डेल्को, प्लग, पेट्रोल पंप, सगळे डोळ्यांसमोर. कोणतेही पेट्रोल इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, सिलिंडरमधील दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी. गाडी चालू होत नाही म्हणजे या तिहींपैकी काहीतरी अडले आहे, किंवा मुळात इंजिन फिरतच नाही. पहिला प्रश्न हा, की किल्ली फिरवल्यावर सेल्फ फिरतो का? फिरत नसेल तर पेट्रोलकडे पाहण्यात अर्थ नाही, बॅटरीकडे जावे. इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात आणि गाडी चालू असताना सुमारे १४. चालू असताना आकडा वाढत नसेल तर दोष चार्जिंगचा. तिथे फॅनबेल्ट सैल झाला आहे का ते पाहावे. पुष्कळदा तर टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थरच गुन्हेगार असतो. आधी निगेटिव्हची आणि मग पॉझिटिव्हची तार सोडवावी, खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने थर धुवावा, कोरडे करावे, आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी जोडावी. यात कोणती विद्या आहे?

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर प्लग काढून पाहावा. प्लग हे इंजिनचे प्रगतिपुस्तक आहे. टोक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. काळा ओशटपणा असेल तर ऑईल जळते आहे. धुराचेही तसेच. काळा धूर जादा पेट्रोलचा, निळसर ऑईलचा. आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर रेडिएटरमधले पाणी सिलिंडरमध्ये शिरल्याची शंका घ्यावी.

एकदा मे महिन्यात चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात आमची गाडी बंद पडली. सेल्फ फिरत होता, ठिणगी होती, टाकीत पेट्रोलही होते. मागून आलेल्या एका ट्रकच्या ड्रायव्हरकाकांनी पेट्रोल पंपावर ओला फडका टाकायला सांगितला आणि वीस मिनिटे थांबा म्हणाले. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ झाली होती, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. पंप निवला, गाडी चालू झाली. वाफेचे गुणधर्म मी शाळेत शिकलो होतो; ते कुंभार्लीच्या वळणावर भेटतील याची कल्पना नव्हती.

पण मला खरा धडा मिळाला तो पुढच्या वर्षी. गाडीचा सेल्फ अगदी मंद फिरू लागला. वडिलांनी ती एका मोठ्या, चकचकीत गॅरेजमध्ये नेली. तिथे आधी नवी बॅटरी बसवली. चार दिवस बरे गेले. मग सेल्फ मोटर उघडून दुरुस्त केली. पुन्हा तेच. मग किल्लीचा स्विच बदलला. नऊ हजार रुपये गेले आणि गाडी होती तिथेच. तिथल्या काउंटरवरच्या तरुणाला माझे वडील 'सर' म्हणत होते. त्यानेही आम्हांला सोफ्यावर बसवून चहा दिला होता.

अखेर आमच्या गल्लीच्या टोकाला झाडाखाली काम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी कसलेही हत्यार काढले नाही. मला सेल्फ मारायला सांगितला आणि स्वतः चोकच्या तारेवर हात ठेवून उभे राहिले. "इकडं ये. हात लाव," ते म्हणाले. तार गरम झाली होती. चोकच्या तारेचा विजेशी काही संबंध नाही. मग ती तापली का?

त्यांनी समजावून सांगितले. इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसलेले असते. त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध जोडायला एक जाड पट्टी लावलेली असते. सेल्फ फिरताना शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह याच पट्टीतून बॅटरीकडे परततो. आमच्या गाडीची ती पट्टी गंजून आत तुटली होती. परतीची वाट बंद झाल्यावर प्रवाह सापडेल त्या वाटेने, म्हणजे चोकच्या बारीक तारेतून, जात होता. म्हणून ती तापत होती आणि सेल्फ रडत होता. शे-दीडशे रुपयांची पट्टी, दोन बोल्ट, पॉलिशपेपरने घासलेली जागा. दहा मिनिटांत काम झाले. "पार्ट बदलणं सोपं असतं, बाळ," ते म्हणाले. "आधी करंट कुठं अडतोय ते बघायचं."

आईने चहा आणला. वडील आणि मी व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर बसलो होतो. मिस्त्री पायरीवर बसून चहा प्याले. कोणी त्यांना पायरीवर बसा म्हटले नव्हते. खुर्चीवर या, असेही कोणी म्हटले नव्हते. वडील त्यांना 'अरे मिस्त्री' म्हणत होते, आणि ते वडिलांपेक्षा वयाने मोठे होते. मीही त्या वेळी काही बोललो नाही. ज्याने तीनदा चुकीचे निदान केले तो 'सर', आणि ज्याने हाताच्या एका स्पर्शाने कारण सांगितले तो 'अरे'! हा दोष कोणत्या पट्टीतला, हे शोधायला मिस्त्रींची गरज नाही. तो आपल्यातच आहे.

यावर काही आक्षेप निघतील. पहिला असा, की जुन्या गाड्या धूर ओकतात. त्या भंगारातच जाव्यात. यात तथ्य आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली पद्मिनी कितीही निगा राखली तरी २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ च्या गाडीइतकी स्वच्छ होणार नाही. म्हणून ती रोज पिटाळावी असे मी म्हणत नाही. पण जी गाडी रस्त्यावर आहे ती तरी प्लग-कार्बोरेटर नीट ठेवून कमीत कमी धूर सोडील हे पाहणे कर्तव्यच नव्हे काय? दुसरा आक्षेप धोक्याचा. तोही खरा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली भक्कम आधार हवाच. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग नवशिक्याने खोलू नये; मात्र ब्रेक ऑईल हवेतील दमटपणा शोषते आणि ते ठरावीक काळाने बदलावे लागते, हे त्याला ठाऊक असावे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या मऊ पडतात, चिरतात. तापलेल्या इंजिनवर पेट्रोल ठिबकणे म्हणजे काय, हे सांगायला नको. ती नळी महिन्यातून एकदा वाकवून पाहायला पदवी लागत नाही. दुर्लक्ष केल्यास मात्र गाडी पेटू शकते. कुठे थांबावे हे कळणे हाही ज्ञानाचाच भाग आहे, आणि ते बॉनेट बंद ठेवून कळत नाही.

तिसरा आक्षेप, की असे केल्याने मिस्त्रींच्या पोटावर पाय येईल. मला उलटे वाटते. ज्याने स्वतः गंजलेला बोल्ट सोडवताना बोटे सोलून घेतली आहेत, तो मजुरीवरून घासाघीस करीत नाही.

आणि कला शाखेचे म्हणाल तर लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यातील दोषामुळे चित्रकला सुटली. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि त्यातून १९१० साली किर्लोस्करवाडीपर्यंत मजल गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला. कुदळ धरणारा हात पुस्तकाला विटाळत नाही, हे त्यांनी महाराष्ट्राला करून दाखवले. आपण त्यांच्या जयंत्या साजऱ्या करतो आणि ऑईल लागलेल्या माणसाला पायरीवर बसवतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात दर शनिवारी दोन तासांचा एक वर्ग असावा. आवारात एक जुनी गाडी उभी करावी. मुलामुलींनी, विशेषतः मुलींनी, कारण 'तुला काय कळतंय' हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ऐकावे लागते, बॅटरी तपासावी, प्लग वाचावा, स्टेपनी बदलावी. गुण नकोत, परीक्षा नको. गाडी चालू झाली की पास. शिकवायला आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना बोलवावे. त्यांना मानधन द्यावे, आणि हजेरीपटावर त्यांचे नाव 'अध्यापक' या रकान्यात लिहावे.

वर्ग संपला की चहा येईल. तो त्यांनी प्राध्यापकांच्या खोलीत, खुर्चीवर बसून घ्यावा. हा वर्ग सुरू होईल तेव्हा होईल. तोवर एवढे तरी मला करता येईल, की पुढच्या वेळी ते आमच्याकडे आले, तर मी उठून त्यांना माझी खुर्ची देईन.