पीळ मोजून द्या

टकळीवर बारीक रेशीम कातणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: पीळ अंदाजाने देऊ नका. सूत एका जागी कडक, पुढे सैल निघालं की आपण बोटांना दोष देतो. बोटं बहुधा ठीकच असतात. एका खेपेला हातभर सूत ओढलेलं असतं, दुसऱ्या खेपेला वीतभर, आणि गिरकी मात्र तेवढीच. मग पीळ सारखा यायचा कुठून?

रेशमाची तार अखंड असते, तिला पिळाचं एवढं काय, असं काहींना वाटतं. पण टकळीवर येतं ते रेशीम तुटक असतं. पतंग भोक पाडून बाहेर पडला की त्या कोषाची तार सलग उकलत नाही, आणि आसामच्या एरीचा कोष तर मुळातच एका टोकाला उघडा. हे तंतू पिळानेच एकत्र राहतात.

तेव्हा ओढीची लांबी आधी ठरवा आणि तेवढ्या सुताला किती गिरक्या लागतात ते मोजा. त्यातलं थोडं ताजं सूत मधोमध दुमडून सैल सोडा. ते आपोआप स्वतःभोवती वळेल. वळसे पसंत पडले तर तो दुपदरी तुकडा पुठ्ठ्यावर बांधून ठेवा आणि अधूनमधून ताजं सूत त्याच्याशी ताडून पाहा. ताजंच हवं. रात्रभर टकळीवर राहिलेल्या सुतातला पीळ निजतो, ते नीट वळत नाही. ते पाहून पीळ वाढवलात तर पुढचं सगळं कडक होईल. कुकडी वाढली की टकळी जड होते आणि त्याच गिरकीचा हिशेब बदलतो, म्हणून कुकडी लहानच ठेवा.

सूत चौपट बारीक कातायचं तर पीळ साधारण दुप्पट लागतो. मात्र रेशमाचे तंतू कापसापेक्षा लांब, त्यामुळे तेवढ्याच बारीक कापसाच्या सुताहून पीळ कमी पुरतो. कापसावर हात बसलेल्यांनी इथे विशेष जपावं. जादा पिळाने रेशमाची झळाळी जाते.

पीळ नेहमी बारीक जागी धावतो, जाड जागा पोकळ राहते. तिथे आणखी पीळ देऊ नका. दोन्ही बाजूंनी धरून थोडा पीळ उलगडा, हलकेच ओढा, मग सोडा.

लडी भिजवून वाळवली की पीळ बसतो, पण कमीजास्त पीळ सारखा होत नाही. तो कातत असतानाच सुधारा.