मंगरूळपीरच्या स्टेशनात जर्मन वॅगन कशाला?

तर मंडळी, आजचा विषय सपाट आहे. अक्षरशः सपाट. मालगाडीत भिंती नसलेला, छप्पर नसलेला, चाकांवर ठेवलेल्या फळीसारखा एक डबा असतो. त्यावर रूळ, पोलादी पत्रे, ट्रॅक्टर, रणगाडे, कंटेनर असं काय वाट्टेल ते ठेवून बांधतात. तीच फ्लॅट वॅगन. आणि आजचं भांडण आहे ते कॉम्प्युटर गेममधल्या फ्लॅट वॅगनवरून. (हसा खुशाल. पण शेवटपर्यंत वाचा.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं नमन. क्रिस सॉयर नावाच्या ब्रिटिश प्रोग्रामरने १९९४ मध्ये 'ट्रान्सपोर्ट टायकून' हा गेम आणला. रूळ टाका, स्टेशनं बांधा, गाड्या घ्या, माल वाहा, पैसे कमवा. २००४ मध्ये त्याचं मुक्त रूप आलं, 'ओपनटीटीडी'. सोर्स कोड खुला, फुकट, आणि कोणीही आपल्या गाड्या काढून त्यात घालू शकतो. साहजिकच जगभरच्या रेल्वेवेड्यांनी आपापल्या देशांचे संच बनवले. त्यात जर्मन लोकांचं काम पाहिलं की तोंडात बोट जातं. इंजिनं तर सोडाच, साध्या फ्लॅट वॅगनचेही किती प्रकार! दोन आसांची, चार आसांची, बाजूला खुंट असलेली, बिनखुंटांची, कंटेनरवाली. कुठल्या साली आली, किती वेगाने धावायची, सगळं जिथल्या तिथे.

आता भांडण. माझा एक मित्र मूळचा मंगरूळपीरचा, हल्ली मुक्काम पोस्ट हिंजवडी. त्याने वाशिम जिल्ह्याचा नकाशा या गेममध्ये आणला. चढउतार खरे, गावं खरी. मंगरूळपीर, कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, सगळी जागच्या जागी. मंगरूळपीरला मस्त चार फलाटांचं स्टेशन. आणि त्या स्टेशनात उभी कोण? जर्मन इंजिनामागे जर्मन फ्लॅट वॅगनांची माळ, वर पोलादाची वेटोळी. मी विचारलं, हे काय? तर म्हणतो, "अबे, फळी ते फळीच. जर्मन काय अन् आपली काय! काहून डोक्स्याले ताप करून घेतं?"

माझं म्हणणं असं की फळी ती फळी नसते. आणि ज्या दिवशी आपण 'फळी ती फळी' म्हणतो, त्या दिवशी आपण आपल्याच देशाकडे बघणं बंद केलेलं असतं.

आधी जर्मन वॅगनबद्दल बोलू, कारण तिच्यावर माझा राग नाही. उलट आदर आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन रेल्वे आपल्या वॅगनच्या प्रकारांना शहरांची नावं द्यायची. खुंटवाली वॅगन 'स्टुटगार्ट', रुळांसारख्या लांब मालाची 'आउग्सबुर्ग', जड मालाची 'कोलोन'. पुढे युरोपभर एकच अक्षरपद्धती आली. के म्हणजे दोन आसांची फ्लॅट, आर म्हणजे बोगीवाली, एस म्हणजे खास कामाची. पुढे छोटा 'एस' लागला तर ताशी १०० किलोमीटर, दोन लागले तर १२०. म्हणजे डब्यावरची चार अक्षरं वाचली की तो डबा काय करू शकतो ते कळतं. जर्मन पोरांनी गेममध्ये उतरवलंय ते हेच. त्यांनी नुसतं चित्र काढलेलं नाही, स्वतःच्या देशाचा व्यवहार नोंदवून ठेवलाय. जंगलातलं लाकूड, रूरचं पोलाद, हँबुर्गचे कंटेनर. वॅगन ही त्या मालाची सावली असते.

आता सांगा, आपल्याकडे असली अक्षरं नाहीत का? आहेत की! बीएफआर, बीआरएन, बीएलसीए, बीएलसीबी. बी म्हणजे बोगी, एफ म्हणजे फ्लॅट, आर म्हणजे रूळ, शेवटचा एन म्हणजे हवेचा ब्रेक. बीएलसीची गंमत तर आणखी वेगळी. कंटेनर वाहणाऱ्या या वॅगन पाच-पाचच्या गटात येतात. दोन टोकांना ए, मध्ये तीन बी, आणि हे पाच आपसात पक्क्या दांड्यांनी जोडलेले, म्हणजे सुटताना-थांबताना धक्के कमी. असे नऊ गट जोडले की पंचेचाळीस वॅगनांचा एक रेक. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? लोणावळ्याच्या घाटात शेजारून कंटेनरची गाडी गेली की आपण मोबाइलमधून डोकं वर काढत नाही.

आणि फरक फक्त अक्षरांचा नाही. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, कोकण. २६ जानेवारी १९९९ पासून कोकण रेल्वे कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक चक्क गाडीवर चढवून नेते. रोरो म्हणतात तिला. ट्रक उताराच्या फळीवरून फ्लॅट वॅगनवर चढतो, ड्रायव्हर-क्लीनर आत बसून राहतात, आणि मुंबई-गोवा हायवेचे खड्डे व घाट वाचतात. जर्मनी-ऑस्ट्रियातही ट्रक रेल्वेवर चढवतात, पण तिथे उंची पुरत नाही म्हणून त्यांना खास बुटकी वॅगन बनवावी लागली, सव्वा फुटाच्या आसपास व्यासाच्या इवल्याशा चाकांची. असल्या चाकांची देखभाल म्हणजे खर्चाचं काम. कोकणात बोगदे नवे होते, तेव्हा वर विजेची तारही नव्हती, त्यामुळे रूळ-पत्रे वाहणारी साधी बीआरएन वॅगनच कामाला लावली. नवा डबा न बनवता जुन्याच फळीतून नवा धंदा! २०२५ च्या गणपतीत तर चाकरमान्यांच्या मोटारींसाठीही कोलाड-वेर्णा गाडी सोडली. आता गेममध्ये कोकणात जर्मन बुटकी वॅगन लावून बघा. दिसेल छान, पण गोष्ट खोटी होईल.

दुसरी, उंची. दादरीहून जेएनपीटीकडे येणाऱ्या पश्चिम मालवाहतूक मार्गावर विजेची तार साडेसात मीटरच्या आसपास उंच टांगलीय. कशासाठी? तर फ्लॅट वॅगनवर कंटेनरवर कंटेनर ठेवता यावा म्हणून. ७ जानेवारी २०२१ ला तिथे दीड किलोमीटर लांबीची दुमजली कंटेनर गाडी सुटली, विजेच्या इंजिनावर. जर्मनीत तार साडेपाच मीटरच्या आसपास, आणि मालगाडीची लांबी साधारण ७४० मीटरला अडते. अमेरिकेत दुमजली कंटेनर जातात, पण त्यासाठी मध्ये खड्डा असलेली वॅगन लागते. सपाट वॅगनवर दोन मजले आणि वर विजेची तार, हा आपला रुंद रुळांचा मामला आहे. १६७६ मिलीमीटर विरुद्ध १४३५. फळी ती फळी म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरा घोकावेत.

तिसरी गोष्ट आपल्या वऱ्हाडातली, आणि मला सगळ्यात जास्त टोचते ती हीच. मंगरूळपीरला रेल्वे नाही. वाशिमला आहे, ती अकोला-पूर्णा लाइन. मीटरगेज होती, २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली. आणि शेजारच्या कारंज्यावरून जायची ती शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, दुसरी शाखा अचलपूरला, रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापसासाठी घातलेली. वऱ्हाडचा कापूस मुंबईला, मुंबईहून मँचेस्टरला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरलं. (गेममध्ये पंधरा-वीस वर्षांत 'गाडी म्हातारी झाली' असा निरोप येतो. शकुंतलेने तो निरोप सत्तर वर्षं वाचलाच नाही.) आता तीही बंद आहे.

मग सांगा, वाशिमच्या नकाशात काय दिसायला हवं? मूळ गेममध्ये कोळसा आहे, लोखंड आहे, केळ्यांसारखी फळं आहेत, रबर आहे, हिरेसुद्धा आहेत. कापूस नाही! सोयाबीन नाही, तूर नाही. मंगरूळपीरच्या स्टेशनात पोलाद उतरतं आणि कापसाची एक गाठ चढत नाही. गावाचं नाव खरं, बाकी सगळं उसनं. याला गावाचा नकाशा म्हणायचं की जर्मनीला मंगरूळपीरची पाटी लावली म्हणायचं?

आता नेहमीचे बचाव.

बचाव एक : गेम आहे, गंमत आहे. मान्य. पण मग चढउतार खरे कशाला आणले? गावांची नावं देवनागरीत कशाला घातली? खरेपणाची हौस आहेच ना तुम्हाला. ती फक्त कष्ट सुरू झाले की संपते.

बचाव दोन : परकं घेण्यात वाईट काय? काहीच नाही. आपली रेल्वेही जर्मनीहून घेते. एलएचबी डबे हे लिंके-होफमान-बुश या जर्मन कंपनीचं डिझाइन. २००० साली चोवीस डबे तिथून आले, पुढे कपूरथळ्याला बनू लागले. पण जसेच्या तसे नाही घेतले. आपल्या रुंद रुळांसाठी, आपल्या गर्दीसाठी बदलून घेतले. घेणं आणि उचलणं यात हाच फरक असतो. सरकारी खात्याला जे जमलं ते आपल्याला वीकेंडला जमू नये?

बचाव तीन : माहिती मिळत नाही हो! हा सगळ्यात लाडका बचाव. वॅगन मेंटेनन्स मॅन्युअल नेटवर पडून आहेत, मापांसकट. आणि तेही नको असेल तर फाटकावर उभे राहा. आपल्या प्रत्येक वॅगनवर अकरा आकडी नंबर रंगवलेला असतो. पहिले दोन आकडे प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं साल, मग चार आकडी क्रमांक, आणि शेवटचा चेक डिजिट. अहो, चेक डिजिट! दिवसभर व्हॅलिडेशन लिहिणाऱ्या जमातीला आणखी काय आमंत्रण हवं? वॅगन तिची जन्मसाल स्वतःच्या अंगावर घेऊन फिरतेय आणि आपण म्हणतो माहिती नाही.

बचाव चार : वेळ नाही. इथे मात्र मी गप्प बसणार नाही. ओपनटीटीडीत गाडी आठ दिशांनी काढावी लागते. फ्लॅट वॅगन पुढून-मागून सारखीच, म्हणून चारच चित्रं पुरतात. तीही ठेंगणी, खिडक्या नाहीत, दारं नाहीत, छप्पर नाही. रिकामी एकदा काढा, मग भरलेली. एनएमएल नावाच्या सोप्या भाषेत वेग, वजन, साल लिहा. सगळ्या वाहनांत सोपं वाहन हेच. सोमवार ते शुक्रवार परदेशी क्लायंटच्या स्क्रीनवरचं बटण दोन पिक्सेल डावीकडे सरकवणाऱ्यांनी 'वेळ नाही' म्हणू नये. वेळ आहे. आपली गोष्ट त्या वेळेच्या लायकीची आहे, असं वाटत नाही एवढंच. (ह. घ्या. पण घ्या.)

आणि नुकसान फक्त गेमचं नाही. आपल्याकडे वाहतुकीबद्दल बोलणं म्हणजे वंदे भारत, मेट्रो आणि विमानतळ. माल कसा जातो हे कोणाच्या डोळ्यासमोरच नाही. वाशिम-मंगरूळपीर-कारंजा-बडनेरा अशा रेल्वेमार्गाची मागणी जुनी आहे. तिच्यावर बोलताना 'आमच्या गावाला गाडी हवी' यापलीकडे किती जण जातात? त्या गाडीत काय चढेल, कुठल्या वॅगनमध्ये, कुठल्या हंगामात, परतीला काय भरून येईल? ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्ग नागपूर-शिर्डी सुरू झाला, मंगरूळपीर तालुक्यात शेलूबाजारला त्याचा फाटा आहे. आता सोयाबीन ट्रकने भरधाव जाईल. मग रेल्वे हवी ती कशासाठी, याचं उत्तर मालाच्या भाषेत द्यावं लागेल. ते उत्तर ज्याने कधी एका वॅगनचं वजन-माप पाहिलेलं नाही त्याला कसं सुचणार?

जर्मन पोरांनी आपल्या भंगारात गेलेल्या वॅगनाही चित्रात जपल्या. आपण धावत्या वॅगनही पाहिल्या नाहीत आणि शकुंतलेची तर डोळ्यादेखत वाट लागली. ती परत रुळावर आणणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण ती कशी होती, काय वाहायची, केवढी होती, हे चार चित्रांत आणि शंभर ओळींत ठेवणं नक्की हातात आहे. उद्या मंगरूळपीरची एखादी दहावीतली पोरगी हा गेम उघडेल तेव्हा तिला आपल्या शिवारातून जाणारी गाडी दिसावी, रूरमधून जाणारी नव्हे.

तर यादी करून टाकू. आधी बीआरएन, कारण ती सोपी, आणि तिच्यावर कोकणातले ट्रकही चढतील. मग बीएलसीचा पाचाचा गट. मग कापूस नावाचा माल आणि जिनिंग-प्रेसिंग नावाचा कारखाना, कापूस आत, गाठी बाहेर. शेवटी अडीच फुटी शकुंतला. ज्याला जे जमेल त्याने ते उचलावं. मित्राला बीआरएन दिलीय. म्हणाला, "बघतो." वऱ्हाडात 'बघतो' म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहेच, म्हणून मी पुढच्या शनिवारी त्याच्या घरी जाऊन बसणार आहे.