खेळाडूने काय खावे, हे सांगायला प्रशिक्षक कितपत तयार आहेत?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी विनेश फोगाटचे वजन ५० किलोच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम लढत न खेळताच ती स्पर्धेबाहेर गेली. आदल्या दिवशी ती तीन लढती खेळली होती. दिवसभरात साधारण दीड किलो खाणेपिणे तिला पुरेसे होते, असा आहारतज्ज्ञाचा अंदाज होता. पण लढतींनंतर वजन अपेक्षेपेक्षा जास्त वाढलेले आढळले, असे भारतीय पथकाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितले. पुढे भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्षा पी. टी. उषा यांनी भूमिका मांडली की, कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो अशा खेळांत वजन सांभाळण्याची जबाबदारी खेळाडू आणि त्याच्या प्रशिक्षकाची असते, संघटनेच्या वैद्यकीय पथकाची नव्हे.

यातून एक प्रश्न पुढे येतो. जबाबदारी प्रशिक्षकाची असेल, तर ती पेलण्याइतके आहारशास्त्र त्याला कोणी शिकवले आहे का? ऑलिम्पिकच्या खेळाडूसोबत निदान आहारतज्ज्ञ होता. तालुक्याच्या तालमीत किंवा शाळेच्या मैदानावर मुलांना खुराकाबद्दल सांगणारा माणूस एकच असतो: वस्ताद, क्रीडाशिक्षक किंवा जिमचा ट्रेनर.

अमेरिकेतील अभ्यास काय सांगतो?

अमेरिकेत ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ हा प्रशिक्षकापेक्षा वेगळा, आरोग्यसेवेतला व्यवसाय आहे. दुखापत टाळणे, प्रथमोपचार आणि पुनर्वसन हे त्याचे काम. त्यासाठी पदवी आणि परीक्षा लागते. २०१२ मध्ये तेथील ‘जर्नल ऑफ अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. महाविद्यालयीन खेळाडू, प्रशिक्षक, अ‍ॅथलेटिक ट्रेनर आणि ताकदीचा व्यायाम घेणारे तज्ज्ञ यांना क्रीडाआहारावरचे प्रश्न विचारले गेले. ७५ टक्के गुण म्हणजे पुरेसे ज्ञान, असे धरले होते. ही पातळी ताकदीच्या तज्ज्ञांपैकी सुमारे ८३ टक्के आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनरपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी गाठली. प्रशिक्षकांत हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते आणि खेळाडूंत जेमतेम ९ टक्के.

याचा अर्थ, ज्यांच्या शिक्षणातच आहाराचा भाग होता ते बऱ्यापैकी तयार होते. तरीही दहापैकी जवळजवळ तीन ट्रेनर कमी पडले. आपल्याकडे अशी प्रशिक्षित मधली फळी फार थोड्या ठिकाणी आहे. खेळाडूचा प्रश्न थेट प्रशिक्षकाकडे जातो, आणि वरच्या आकड्यांत सल्ला देणाऱ्यांपैकी तोच सर्वांत कच्चा दुवा आहे.

अर्धवट सल्ला कुठे महागात पडतो?

*झटपट वजन घटवणे.* १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत जेमतेम महिनाभराच्या अंतरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना मरण पावले. पाणी तोडून, रबरी सूट घालून, गरम जागेत व्यायाम करणे ही तिथलीही रूढ पद्धत होती. अशा वेळी चरबी जात नाही, पाणी जाते. रक्त दाट होते, शरीराचे तापमान वाढते, क्षारांचा तोल बिघडतो आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. त्यात कोणी लघवी वाढवणारी गोळी किंवा वेदनाशामक घेतले, तर मूत्रपिंडाला थेट इजा होऊ शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उत्तेजकविरोधी नियमांतही प्रतिबंधित आहेत.

त्या मृत्यूंनंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने नियम बदलले. रबरी सूट, सौना आणि अशा गोळ्यांवर बंदी आली. हंगामापूर्वी लघवी तपासून शरीरात पाणी पुरेसे असल्याची खात्री करायची, चरबीचे प्रमाण मोजायचे आणि त्यावरून किमान वजनगट ठरवायचा, अशी पद्धत आली. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १.५ टक्क्यांपेक्षा जास्त घट करता येत नाही. ६० किलोच्या मुलासाठी ही मर्यादा ९०० ग्रॅम होते. म्हणजे ट्रेनरला फक्त ‘जपून राहा’ असे न सांगता त्याच्या हाती मोजमाप आणि नियम दिले गेले.

*कमी खाणे.* हा धोका आवाज न करता येतो. सराव भरपूर आणि जेवण अपुरे, असे महिनोन्‌महिने चालले की शरीर बाकीच्या कामांवरचा खर्च कापते. मुलींची पाळी लांबते किंवा थांबते, हाडे कमकुवत होऊन बारीक फ्रॅक्चर होतात, सर्दी-ताप वारंवार येतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या अवस्थेला २०१४ मध्ये नाव दिले: ‘रेड्स’, म्हणजे खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता. २०२३ मध्ये त्यावरची मार्गदर्शक भूमिका अद्ययावत केली. मुलांनाही हा त्रास होतो. ‘वजन कमी कर, वेग वाढेल’ या एका वाक्याने त्याची सुरुवात होऊ शकते.

*पावडरी.* २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पूरकांची तपासणी झाली. सुमारे ७० टक्के उत्पादनांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली आणि १४ टक्क्यांत बुरशीजन्य विषारी घटक आढळले. अशा उत्पादनाची शिफारस करणाऱ्याला त्याच्या विक्रीतून कमिशन मिळत असेल, तर त्या सल्ल्याकडे अधिक सावधपणे पाहावे.

प्रशिक्षकाने कुठवर बोलावे?

‘आहारावर प्रशिक्षकाने बोलूच नये’ हा उपाय नाही. खेळाडू रोज त्यालाच भेटतो आणि त्याचेच ऐकतो. पुढील गोष्टी त्याने अवश्य सांगाव्यात:

• सरावापूर्वी उपाशी राहू नका. सराव संपल्यावर तासाभरात भात, पोळी किंवा केळे यांच्याबरोबर दूध, अंडी, डाळ किंवा उसळ घ्या.
• सरावाच्या आधी व नंतर वजन करा. २ टक्क्यांपेक्षा जास्त घटले, तर पाणी कमी पडते आहे.
• प्रोटीनची रोजची गरज साधारण किलोमागे १.२ ते २ ग्रॅम असते. बहुतेकांना ती जेवणातून भागवता येते.
• स्पर्धेच्या दिवशी नवा पदार्थ खाऊन पाहू नका.

आणि पुढील ठिकाणी त्याने थांबून डॉक्टरकडे किंवा आहारतज्ज्ञाकडे पाठवावे: सलग तीन महिने पाळी न येणे, वारंवार हाडाची दुखापत, चक्कर, वजनात अचानक घट, जेवण टाळणे किंवा खाऊन उलटी काढणे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तक्षय असलेल्यांचा आहार प्रशिक्षकाने स्वतः ठरवू नये. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्याही सुचवू नयेत.

पाठवायचे कुणाकडे, हा खरा अडसर आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने क्रीडा आहारतज्ज्ञ हा व्यवसाय मान्य केला आहे, पण जिल्ह्याच्या ठिकाणीही तो सहज भेटत नाही. प्रत्येक तालमीला आहारतज्ज्ञ नेमणे शक्य नसले, तरी जिल्हा क्रीडा संकुलात महिन्यातून एक दिवस तो बसवणे आणि प्रशिक्षकांच्या शिबिरात आहाराचे सत्र ठेवून त्याची परीक्षा घेणे शक्य आहे. वजनगटाच्या खेळांत हंगामापूर्वी मुलांची तपासणी सक्तीची करावी. त्याला फार पैसा लागत नाही.

तोवर पालकांनी प्रशिक्षकाला तीन प्रश्न विचारावेत. माझ्या मुलाचे वजन किती आठवड्यांत आणि कसे कमी करणार? ही पावडर कशासाठी, आणि त्याऐवजी जेवणात काय चालेल? तब्येत बिघडल्याची खूण दिसली तर तुम्ही कुणाला दाखवता? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे ठोस उत्तर आहे, तो प्रशिक्षक बराचसा तयार आहे असे समजायला हरकत नाही.