खुर्चीवरचा सज्दा

रमजानमध्ये इशाच्या नमाजनंतर तरावीह सुरू होते. वीस रकात म्हणजे वीस रुकू आणि चाळीस सज्दे. तरुणाला त्याचं काही वाटत नाही. गुडघ्यातली कूर्चा झिजलेल्या माणसाला मात्र प्रत्येक सज्द्यातून उठताना जमिनीवर हात टेकावा लागतो. तरीही भिंतीजवळची खुर्ची ओढून घेताना अनेकांना संकोच वाटतो.

हा संकोच धर्माने शिकवलेला नाही. इम्रान बिन हुसैन आजारी होते, तेव्हा उभं राहून जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढण्याची मुभा पैगंबरांनी त्यांना दिली. सहीह बुखारीत त्याची नोंद आहे. अटलबिहारी वाजपेयींनी पंतप्रधानपदी असताना २००० आणि २००१ साली मुंबईत दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया करून घेतली. त्यातही कुणाला कमीपणा दिसला नाही.

गोदाकाठच्या सायखेड्यात तर हे दुखणं कुठल्या एका धर्माचं नाही. निफाड तालुक्यात कांद्याची खुरपणी आणि कापणी उकिडवं बसूनच होते, आणि त्यात बाया पुढे असतात. वर्षानुवर्षं गुडघे दुमडून केलेलं काम सांधा झिजवतं. पन्नाशीनंतर हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो.

आणि इथेच खरा प्रश्न आहे. मशिदीत खुर्ची मिळते ती पुरुषांना. घरी नमाज पढणाऱ्या आईसाठी, सासूसाठी खुर्ची कुणी ठेवली? सगळे झोपलेले असताना ती सहरीसाठी उठते, अंधारात मोरीकडे जाते, ओल्या फरशीवर वजू करते. सुजलेल्या गुडघ्यामुळे मांडीचा स्नायू दुबळा होतो, पाय ऐनवेळी दगा देतो आणि तोल जातो. या वयात एका पडण्याने खुब्याचं हाड मोडू शकतं.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ तसाच धरायचा आणि सावकाश खाली आणायचा, एवढ्या व्यायामानेही मांडीला बळ येतं. वजन एक किलोने घटलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. इफ्तारची भजी उचलताना हे आठवावं. वेदनाशामक गोळी मात्र रिकाम्या पोटी घेऊ नये. पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना त्याचा त्रास होतो. रोजे ठेवताना औषधाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात. गुडघा अचानक लाल, गरम झाला, सोबत ताप आला, तर ईदची वाट पाहू नये.

मशिदीत वजूच्या जागी एक कठडा आणि बसायला स्टूल, घराच्या मोरीत पकडायला एक दांडा आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा. खर्च फार नाही. जकात-फित्र्याचा हिशेब चोख करणाऱ्या घराने आईच्या गुडघ्यांचाही हिशेब या महिन्यात करावा.